ओल्या कुरणातील आयरिस : परसबागेसाठी सायबेरियन वाण

आयरिस ही केशराच्या कुलातील, म्हणजे इरिडेसी कुलातील, एक मोठी प्रजाती असून उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात तिच्या सुमारे तीनशे जाती आढळतात. केशर आणि ग्लॅडिओलस ही मराठी वाचकाला ठाऊक असलेली तिची नातलग होत. युरोप-अमेरिकेतील बागांमध्ये आयरिस म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर येतात त्या 'दाढीवाल्या' आयरिस, ज्यांच्या खाली झुकलेल्या पाकळ्यांवर केसांचा दाट पट्टा असतो आणि ज्यांचे जाडजूड कंद जमिनीवर अर्धे उघडे पडलेले असतात. सायबेरियन आयरिस या गटाहून वेगळी आहे. तिला दाढी नसते, तिची पाने वेखंडाच्या पानांहूनही अरुंद असतात, दांडे सडपातळ पण ताठ असतात आणि फूल आकाराने बेताचे असले तरी वाऱ्यापावसात सहसा लवंडत नाही. कडाक्याचा हिवाळा सोसणारी, दहा-दहा वर्षे एकाच जागी सुखाने नांदणारी आणि फुले संपल्यावरही पानांच्या हिरव्या बेटामुळे वाफ्याची शोभा राखणारी ही वनस्पती न्यू जर्सी, टोरोंटो किंवा लंडनच्या आसपास स्थायिक झालेल्या आणि घरामागच्या अंगणात फुलझाडे लावू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या फार उपयोगाची आहे. मात्र तिच्याविषयी दोन गैरसमज वारंवार आढळतात. ती पाणवनस्पती आहे असे समजून काही जण तिला डबक्यात लावतात, तर काही जण तिला दाढीवाल्या आयरिसप्रमाणे कोरड्या, उंच वाफ्यात कंद उघडा ठेवून लावतात. ही वनस्पती रानात कोठे आणि कशी वाढते हे एकदा नीट ध्यानात घेतले की हे दोन्ही गैरसमज दूर होतात आणि तिच्या लागवडीचे बहुतेक सर्व नियम आपोआप समजतात.

कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली 'आयरिस सिबिरिका' या नावाने नोंदविलेली जाती केवळ सायबेरियातील नाही. मध्य व पूर्व युरोपपासून तुर्कस्तान व कॉकेशसपर्यंत आणि पुढे पश्चिम सायबेरियापर्यंत तिचा विस्तार आहे. तिची आवडती जागा म्हणजे ओली कुरणे. हिवाळ्यातील बर्फ वितळल्यावर आणि वसंतातील पावसाने या कुरणांची माती भिजून जाते, क्वचित काही दिवस तिच्यावर पाणीही साचते; पण उन्हाळा पुढे सरकतो तशी पाण्याची पातळी खाली जाते आणि वरचा थर मोकळा, हवेशीर होतो. जर्मनीच्या दक्षिणेस बोडन सरोवराच्या काठी एरिसकिर्ख येथील संरक्षित पाणथळीत मे महिन्याच्या अखेरीस आयरिसच्या निळ्या फुलांनी कुरणेच्या कुरणे भरून जातात आणि ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम तेथे जातात. अशी कुरणे टिकली ती तेथील शेतकऱ्यांच्या एका जुन्या पद्धतीमुळे. गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी लागणारे वाळके गवत ते शरद ऋतूत, म्हणजे आयरिसची बोंडे पिकून बी गळून गेल्यानंतर, कापून नेत असत. त्यामुळे बी रुजायला अवसर मिळे आणि बोरू व झुडपे माजून ऊन अडवत नसत. पुढे पाणथळ जमिनींचा निचरा करून त्या पिकाखाली आणल्या गेल्या, जेथे गवत राहिले तेथे खते टाकून वर्षातून अनेकदा कापणी सुरू झाली, आणि काही कुरणे कापणीच न झाल्याने झुडपांखाली गेली. या तिन्ही कारणांनी ही वनस्पती मध्य युरोपात दुर्मीळ झाली असून जर्मनीत तिला कायद्याचे संरक्षण आहे. बागकाम करणाऱ्यासाठी या माहितीचे सार एवढेच की तिला वसंतात भरपूर ओल, वर्षभर स्वच्छ ऊन, सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती आणि मुळांशी खेळती हवा या चार गोष्टी एकत्र हव्या असतात.

या जातीची पूर्वेकडील बहीण म्हणजे 'आयरिस सँग्विनिया'. ती पूर्व सायबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन, कोरिया आणि जपान या प्रदेशांत वाढते; जपानात तिला 'आयामे' म्हणतात. दोहोंतील भेद दांड्यावरून ओळखता येतो. 'सिबिरिका'चा दांडा पोकळ, फांद्या फुटलेला आणि पानांच्या बराच वर गेलेला असतो, तर 'सँग्विनिया'चा दांडा सहसा फांद्यांविना असून त्याच्या टोकाशी साधारण दोन फुले येतात आणि कळीभोवतीच्या आवरणावर तांबूस छटा असते. आज बाजारात 'सायबेरियन आयरिस' या नावाने जे वाण मिळतात, ते बहुतांशी या दोन जातींच्या संकरातून आणि संकरांच्या पुढच्या पिढ्यांमधून निघालेले आहेत.

फुलाची रचना प्रथमदर्शनी गुंतागुंतीची वाटते, पण ती समजून घेण्यासारखी आहे. बाहेरची तीन दले खाली झुकलेली असतात. तेच या फुलाचे मुख्य दर्शनी अंग असून त्यांच्या घशाशी पांढऱ्या-पिवळ्या रंगाची, गडद शिरांनी रेखलेली खूण असते. आतली तीन दले अरुंद आणि बहुधा उभी असतात. या दोन चक्रांच्या आत, पाकळ्यांसारखेच रंगीत व रुंद झालेले तीन भाग दिसतात. ते पाकळ्या नसून किंजल, म्हणजे स्त्रीकेसराच्या वरच्या भागाच्या तीन शाखा होत. प्रत्येक शाखा खालच्या झुकलेल्या दलावर छपरासारखी पसरलेली असते आणि त्या छपराखाली एक पुंकेसर दडलेला असतो. भुंगामाशी झुकलेल्या दलावर उतरते, शिरांच्या रेषांच्या अनुरोधाने मधाकडे आत शिरते आणि शिरतानाच तिची पाठ किंजलाच्या कडेखाली असलेल्या पातळ पदराला घासते. हा पदर म्हणजे किंजल्क, परागकण स्वीकारणारा भाग. आधीच्या फुलातून पाठीवर आलेले पराग तेथे चिकटतात, मग माशी आणखी आत जाऊन या फुलातील पुंकेसराचे पराग पाठीवर घेते. बाहेर पडताना मात्र पदराची पराग घेणारी बाजू तिच्या पाठीला लागत नाही, त्यामुळे त्याच वाटेवर स्वपरागण होणे टळते. एका फुलात असे तीन स्वतंत्र मार्ग असल्याने परागणाच्या दृष्टीने एक फूल तीन फुलांचे काम करते.

वाण निवडताना रंगसूत्रांची थोडी माहिती असलेली बरी. वर सांगितलेल्या दोन्ही जातींच्या पेशींमध्ये २८ रंगसूत्रे असतात. त्यांच्याच श्रेणीतील, पण ४० रंगसूत्रे असलेला दुसरा गट पूर्व हिमालय आणि नैर्ऋत्य चीनच्या डोंगरांत वाढतो. गडद जांभळ्या, जवळजवळ काळ्या पाकळ्यांवर सोनेरी रेघा असलेली 'आयरिस क्रायसोग्राफिस', पिवळ्या फुलांची 'आयरिस फॉरेस्टी' आणि सिक्कीम, भूतान व नेपाळच्या ओल्या उतारांवरची 'आयरिस क्लार्की' या त्या गटातील जाती आहेत. सायबेरियन आयरिसच्या घराण्यातील भारताच्या भूमीवर आपणहून वाढणारी वनस्पती पाहायची असेल, तर ती सिक्कीमच्या उंच कुरणांत पाहता येते. दोन्ही गटांचा परस्परसंकर झाला तरी संतती बहुधा वांझ निघते. चाळीसच्या गटाला थंड, दमट उन्हाळा आणि आम्लधर्मी माती लागते. ब्रिटन किंवा अमेरिकेचा वायव्य किनारा त्याला मानवतो, पण न्यूयॉर्क-शिकागोकडचे कडक हिवाळे आणि तापणारे उन्हाळे नाहीत. नवख्याने या गटाच्या वाटेला न जाता २८ रंगसूत्रांच्या गटापासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

या गटातील वाणांचा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पीटर बार यांनी जपानातून पांढऱ्या फुलांची 'सँग्विनिया' इंग्लंडमध्ये आणली आणि 'स्नो क्वीन' या नावाने ती संकरासाठी पुष्कळ वापरली गेली. कॅनडात ओटावाच्या सरकारी प्रायोगिक शेतीक्षेत्रावर काम करणाऱ्या इझाबेला प्रेस्टन यांनी आपल्या वाणांना कॅनडातील नद्यांची नावे दिली. माँट्रियलचे फ्रेडरिक क्लीव्हलंड मॉर्गन यांचा 'सीझर्स ब्रदर' हा वाण १९३२ सालचा. गडद जांभळ्या, मखमली फुलांचा हा वाण आज जवळजवळ शंभर वर्षांनंतरही रोपवाटिकांमध्ये सर्रास मिळतो आणि सायबेरियन आयरिस या नावाने अनेकांच्या बागेत प्रथम येतो तो हाच. यापुढचे मोठे वळण १९५७ साली फ्रेड कॅसबीर यांच्या 'व्हाइट स्वर्ल'ने आणले. तोपर्यंत झुकलेली दले अरुंद आणि सरळ खाली लोंबणारी असत. या पांढऱ्या वाणात ती रुंद, गोलसर आणि आडवी पसरलेली होती, आणि पुढच्या असंख्य वाणांना हा आकार त्याच्याकडून मिळाला.

या इतिहासातील सर्वांत रोचक व्यक्ती म्हणजे डॉ. करियर मॅकइवेन. १९०२ ते २००३ असे शतकाहून अधिक आयुष्य लाभलेले हे गृहस्थ व्यवसायाने संधिवाततज्ज्ञ होते आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. आयरिसच्या पैदाशीकडे ते वळले ते पन्नाशीनंतर. संधिवाताच्या वैद्याला 'कोल्चिसीन' हे औषध चांगलेच परिचयाचे असते, कारण गाऊट या विकारात सांध्यांची आग शमविण्यासाठी ते फार जुन्या काळापासून वापरले जाते. याच द्रव्याचा दुसरा गुण असा की पेशीचे विभाजन होताना दुपटीने वाढलेल्या रंगसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे तंतू ते तयार होऊ देत नाही. रंगसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही आणि दुप्पट रंगसूत्रांची एकच पेशी उरते. मॅकइवेन यांनी नुकत्याच अंकुरलेल्या रोपांवर कोल्चिसीनची प्रक्रिया केली आणि २८ ऐवजी ५६ रंगसूत्रांचे, म्हणजे चतुर्गुणित, सायबेरियन वाण मिळविले. 'ऑरव्हिल फे' आणि 'फोरफोल्ड व्हाइट' हे त्यांतील आरंभीचे वाण १९६०च्या दशकाच्या शेवटी पुढे आले. येथे मराठी वाचकाने एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी : हेच कोल्चिसीन सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असते, त्यामुळेच ती वनस्पती विषारी ठरते आणि औषधनिर्मितीसाठी तिला व्यापारी मोलही आहे. कोल्चिसीन हे प्राणघातक विष असल्याने घरगुती प्रयोगासाठी त्याला हात लावू नये.

चतुर्गुणित वाणांची फुले मोठी, दले जाड, रंग दाट आणि दांडे मजबूत असतात. प्रदर्शनांत बक्षिसे त्यांनाच अधिक मिळतात. तरीही छोट्या परसबागेसाठी साधे द्विगुणित, म्हणजे २८ रंगसूत्रांचे, वाणच उजवे ठरतात असे म्हणावेसे वाटते. फुलाचा आकार वाढला की या वनस्पतीचे खरे सौंदर्य, म्हणजे गवतासारख्या पानांवर अधांतरी तरंगणारी हलकी फुले, उणावते. शिवाय द्विगुणित वाण लवकर पसरतात आणि थोड्या हयगयीनेही खचत नाहीत. याची साक्ष स्वतः मॅकइवेन यांचाच 'बटर अँड शुगर' हा वाण देतो. वरची दले पांढरी आणि झुकलेली दले लोणकढ्या तुपासारखी पिवळी असलेला हा १९७७चा वाण द्विगुणित आहे, आणि अमेरिकन आयरिस सोसायटीचे सायबेरियन वाणांसाठीचे 'मॉर्गन-वुड पदक' सुरू झाले तेव्हा, १९८६ साली, पहिला मान त्यालाच मिळाला. ज्या दोन जातींपासून हा गट बनला त्यांपैकी कोणाचेही फूल पिवळे नसल्याने या रंगाचे महत्त्व अधिक आहे. निळ्या झुकलेल्या दलांना रुपेरी काठ असलेला 'सिल्व्हर एज' हा मॅकइवेन यांचा चतुर्गुणित वाण मात्र अपवाद म्हणून जरूर लावावा.

लागवडीचा उत्तम काळ म्हणजे उन्हाळा संपतानाचा आणि शरदाच्या आरंभीचा, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा. जमीन गोठण्यापूर्वी नव्या मुळांना धरायला निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. जेथे थंडी फार लवकर पडते तेथे वसंतात लावणे अधिक सुरक्षित. दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. मातीचा सामू, म्हणजे तिची आम्लता दर्शविणारा अंक, साडेपाच ते सातच्या दरम्यान असावा. चिकणमाती चालते, पण तिच्यात कंपोस्ट किंवा चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. रेताड जमिनीत तर ओल धरून ठेवण्यासाठी त्याला पर्याय नाही. रोपवाटिकांमधून टपालाने येणारी रोपे बहुधा मातीविना, नुसत्या मुळांसह येतात. ती मुळे सुकू देणे हा या लागवडीतील सर्वांत मोठा प्रमाद होय. दाढीवाल्या आयरिसचा कंद आठवडाभर कोरडा पडून राहिला तरी जगतो, सायबेरियनची बारीक तंतुमुळे मात्र काही तासांच्या उन्हातही मरतात. म्हणून पुडके उघडताच मुळे पाण्यात बुडवून ठेवावीत आणि शक्य तर त्याच दिवशी लावावीत. मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड, मातीखाली अडीच ते पाच सेंटिमीटर राहील असे बसवावे आणि दोन रोपांत अर्धा मीटरभर अंतर ठेवावे. लावल्यावर पाने निम्म्याने कापली तर नवी मुळे फुटेपर्यंत बाष्पीभवन कमी होते. आच्छादन म्हणून पाइनच्या सुया किंवा पालापाचोळा पाच-सात सेंटिमीटर जाडीचा पसरावा.

पहिले वर्ष या वनस्पतीच्या दृष्टीने निर्णायक असते. नंतर ती बऱ्यापैकी कोरड सहन करते, पण पहिल्या हंगामात आठवड्यातून निदान एकदा खोलवर पाणी मिळाले नाही तर ती जागीच खुंटते. या वर्षी फूल आले नाही म्हणून निराश होऊन रोप उपटू नये. वाणाचे खरे रूप दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या वर्षी दिसते. ठोंब एकदा धरला की वसंतात धुमारे वर येताना आणि फुले ओसरल्यावर असे दोनदा संतुलित खत पुरते. फुलांचा हंगाम न्यू जर्सीत मेच्या मध्यापासून, टोरोंटोत जूनमध्ये येतो. उंच दाढीवाल्या आयरिसचा बहर ओसरू लागताना आणि जपानी आयरिस उमलण्यापूर्वी सायबेरियनचा मान असतो. एक फूल दोन-तीन दिवसच टिकते, पण दांड्यावर अनेक कळ्या आणि ठोंबात अनेक दांडे असल्याने बहर दोन ते तीन आठवडे चालतो.

कालांतराने ठोंब बाहेरच्या कडेने वाढत जातो आणि मधला भाग निर्जीव होऊन वर्तुळासारखी पोकळी पडते, फुलेही रोडावतात. पाच ते दहा वर्षांनी ही वेळ येते तेव्हा ठोंब फोडावा लागतो, आणि ते काम ताकदीचे आहे, कारण जुन्या ठोंबाची मुळे एकमेकांत घट्ट विणलेली असतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी घालावे, ठोंब अखंड उपटून काढावा आणि धारदार फावड्याने किंवा जुन्या करवतीने त्याचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यात पंख्यासारखे तीन-चार पर्णगुच्छ आणि पुरेशी ताजी मुळे हवीत. एकेक गुच्छ सुटा करून लावल्यास तो दोन वर्षे मागे पडतो. मधला वाळका भाग फेकून द्यावा. वाण जसाच्या तसा वाढविण्याचा हाच मार्ग आहे. बियांपासून येणारी रोपे आईसारखी नसतात. आपल्याच बागेत काही नवे निघते का हे पाहण्याची हौस असेल त्याने बी जरूर लावावे, मात्र त्याला रुजण्यासाठी हिवाळ्याची थंडी अनुभवावी लागते, म्हणून ते शरदातच बाहेर पेरावे. फुले येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. अशा रोपांना मूळ वाणाचे नाव लावून ती दुसऱ्यांना देणे ही फसवणूकच होय.

रोगकिडींचा त्रास या वनस्पतीला कमी आहे आणि हरणेही तिला सहसा तोंड लावत नाहीत. अमेरिकेच्या पूर्व भागात आयरिस पोखरणारी अळी आढळते. तिचा पतंग शरदात जुन्या पानांवर अंडी घालतो, म्हणून पाने वाळली की ती जमिनीलगत कापून वाफ्यातून हलवावीत. मूलक्षोड खाण्यास विषारी आहे, त्यामुळे घरात कुत्रे-मांजर असल्यास उपटलेले तुकडे उघड्यावर टाकू नयेत.

महाराष्ट्रात मात्र ही वनस्पती लावण्याचा खटाटोप करू नये. तिला फुलण्यासाठी अनेक आठवड्यांची खरी थंडी आणि पूर्ण विश्रांती लागते; ती पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यातच काय, महाबळेश्वरातही मिळत नाही, आणि मागवलेली रोपे एक-दोन वर्षे नुसती पाने दाखवून संपतात. आयरिसची हौस भागवायची असेल तर नारिंगी पाकळ्यांवर लाल ठिपके असलेली बेलमकांडा लावावी. डीएनएच्या अभ्यासानंतर २००५ पासून तिची गणना 'आयरिस डोमेस्टिका' या नावाने याच प्रजातीत होते आणि उष्ण हवा तिला मानवते. थंड प्रदेशांत राहणाऱ्या मराठी बागकरांना मात्र पैसे खर्चण्याआधी एक उपाय सुचवावासा वाटतो : जूनमध्ये शेजारपाजारच्या बागांतील ठोंब पाहून ठेवावेत, आवडलेल्या वाणाचे नाव तेव्हाच विचारून लिहून घ्यावे, आणि ऑगस्टअखेर तो ठोंब फोडायला मदतीचा हात देऊन त्यातला एक तुकडा ओल्या कापडात गुंडाळून नावाच्या पट्टीसह घरी आणावा.